डाव्या डोळ्यावरचं नाणं

प्रार्थना म्हणता म्हणता रेव्हरंड अँब्रोज मार्फ्लीट यांनी पुस्तकातून नजर वर केली, ती केवळ खोलीत धूर फार झाला होता म्हणून. एरवी त्यांनी ती केली नसती. मेलेल्या माणसाच्या उशाशी उभं राहून तीस वर्षं त्यांनी हेच शब्द म्हटले होते, पाठच होते ते, तरी पुस्तक डोळ्यांसमोर धरलं की बाकी काही बघावं लागत नाही, हे त्यांना पहिल्या वर्षीच कळून चुकलं होतं. समोर पलंगावर जाबेझ ब्रम्बी उताणा होता. हनुवटीखालून फडकं घेऊन डोक्यावर गाठ मारलेली, हात छातीवर, आणि पापण्या मिटलेल्या राहाव्यात म्हणून रिवाजाप्रमाणे दोन्ही डोळ्यांवर नाणी ठेवलेली. उजव्या डोळ्यावर जुनी जाडजूड तांब्याची पेनी होती. डाव्या डोळ्यावर पेनी नव्हती. तिथे एका रोमन नाण्यावरचा सम्राट करॉशियस होता. जाड मान, खुरटी दाढी, डोक्यावर किरणांचा मुकुट, आणि नाकाच्या शेंड्यापासून नाण्याच्या कडेपर्यंत गेलेली केसाएवढी एक रेघ. मार्फ्लीट वाक्याच्या मध्येच थांबले. खोलीतल्या बायांना वाटलं, पाद्रीसाहेबांना गहिवरून आलं. जाबेझची बायको केझाया तर ते पाहून नव्याने रडू लागली.

पुढचं वाक्य त्यांनी कसंबसं म्हटलं, त्याच्या पुढचं गाळलं, आणि पुस्तक मिटलं. मग जणू सहजच विचारल्यासारखं करून त्यांनी विचारलं, हे डाव्या डोळ्यावर काय ठेवलं आहे. उत्तर मिसेस टपहोम यांनी दिलं. गल्लीत कुणी गेलं की त्याला आंघोळ घालून, कपडे चढवून नीट निजवायचं काम त्यांचं, आणि त्या कामाच्या दोन पेन्या त्यांच्या मालकीच्या. घरोघरी त्याच जायच्या, आणि शवपेटीवर झाकण पडायच्या आधी परत त्यांच्या खिशात यायच्या. पण या आठवड्यात तापाने नदीकाठच्या त्या गल्लीत एकदम दोन माणसं नेली होती.

"एक पेनी पलीकडं पॅकरांच्या सासऱ्याला दिलीय, एक इथं," मिसेस टपहोम म्हणाल्या. "दुसऱ्या डोळ्याचं ज्यानं त्यानं आपापलं बघायचं. मी काय टांकसाळ घालून बसलेय?"

केझायाने डोळे पुसले. ते जाबेझचंच आहे, असं ती म्हणाली. दोन हिवाळ्यांपूर्वी शहराच्या नव्या गटारांसाठी चर खणताना टेकडीच्या पायथ्याशी त्याला सापडलं होतं. मग ती ओशाळून हळूच म्हणाली की जे जे सापडेल ते तो साहेबांकडेच घेऊन यायचा, हे एवढं एकच त्याने दडवून ठेवलं. साहेबांनी राग धरू नये, मेलेल्या माणसावर कसला राग. मार्फ्लीट म्हणाले, छे छे, राग कसला. आणि टोपी घेऊन ते बाहेर पडले. टोपी डोक्यावर घालायचीही राहून गेली.

टेकडीचा तो चढ त्यांच्या नेहमीच्या पायाखालचा होता. इंग्लंडातल्या या लिंकन शहरात देवाचं घर वर आणि माणसांची घरं खाली. मार्फ्लीटांचं छोटं देऊळ खाली नदीकाठी होतं, पण खालची हवा त्यांच्या छातीला मानवत नाही म्हणून ते राहायचे वर, कॅथीड्रलच्या सावलीत. खालचे लोक यावर 'पाप खाली, पाद्री वर' असं म्हणायचे, तेही त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. आज मात्र चढताना दम लागत होता. थांबावं म्हटलं तर थांबवत नव्हतं. ती रेघ. ती काही नाण्यावर नंतर पडलेली चीर नव्हती. नाणं पाडायच्या पोलादी ठशालाच तडा गेलेला होता, आणि त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर सम्राटाच्या नाकापासून निघून ती कडेला जायची. तसं एक नाणं मार्फ्लीटांच्या कपाटात, वरून तिसऱ्या खणात, हिरव्या लोकरी कापडावर वीस वर्षं पडून होतं. जगातलं तसलं दुसरं नाणं त्यांनी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. कुठल्या टांकसाळीत पाडलं त्याची खूण मागच्या बाजूला तळाशी असते. त्यांच्या नाण्याची नेमकी तेवढीच कड तुटलेली. त्या तुटक्या कडेवर त्यांनी एक टांकसाळ उभी केली होती. रोमशी भांडून या बेटाचा धनी झालेल्या त्या दर्यावर्दी सम्राटाची टांकसाळ लंडनला होती हे सगळेच मानत. मार्फ्लीट म्हणत, आणखी एक होती, आणि ती इथे, आमच्या लिंकनमध्ये, या टेकडीच्या पायथ्याशी. धातूचा रंग, अक्षरांची वळणं, सापडल्याची जागा, सगळं त्यांनी मांडलं होतं. लंडनचे विद्वान हसत. त्यांतले एक तर भर सभेत म्हणाले होते की मार्फ्लीटसाहेबांची टांकसाळ फार उत्तम आहे, फक्त तिच्यातून अजून नाणं बाहेर पडायचं राहिलं आहे. हे बोलून पंधरा वर्षं झाली असतील; पण दाढी करताना, मोजे चढवताना, कधी कधी तर देवळात स्तोत्र चालू असताना ते वाक्य त्यांच्या कानात यायचं आणि अंगभर मुंग्या आल्यासारखं व्हायचं. आता येत्या गुरुवारी तेच विद्वान लंडनहून येणार होते. कॅथीड्रलच्या सभागृहात मार्फ्लीटांचं व्याख्यान होतं आणि पुस्तक छापून तयार होतं. आणि जाबेझ ब्रम्बीच्या डाव्या डोळ्यावर त्याच ठशातलं, कड शाबूत असलेलं नाणं सम्राटाचं तोंड वर करून पडलेलं. मागची बाजू खाली. पापणीवर.

जाबेझचा चेहरा कसा होता? हा प्रश्न मध्येच कुठून आला ते त्यांना कळलं नाही. फडक्याने बांधलेलं ते तोंड तर काही चेहरा म्हणता येत नव्हतं. जिवंतपणी? किती वर्षं तो त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येत होता. त्याचा तळहात त्यांना लख्ख आठवत होता: रुंद, भेगाळलेला, नखांत नदीकाठची काळी माती, करंगळीचं टोक उडालेलं, आणि त्या तळहाताच्या खळग्यात कधी काँस्टँटाइन सम्राटाच्या नाण्याचा हिरवट तुकडा, कधी कसलंसं बटण. बटण असलं तर मार्फ्लीट नुसतेच हं म्हणायचे. नाणं असलं तर शिलिंग द्यायचे आणि तिथेच दारात पाठ फिरवून ते उजेडाकडे धरायचे. तळहाताच्या वर मनगट होतं, मनगटाच्या वर बाही, आणि बाहीच्या वर काही नव्हतं. ते चढावर उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटून पाहिलं. दाढी होती का त्याला? डोळे कुठल्या रंगाचे? काही आलं नाही. आपले वडील आले, पाणथळीतल्या त्या ओल्या गावातल्या घरी जेवताना कायम खिडकीकडे तोंड करून बसणारे, म्हणून एकाच बाजूने आठवणारे. आईसुद्धा एका बाजूनेच आली. नांगरटीत पहिलं नाणं सापडलं तेव्हा ते आठ वर्षांचे होते. थुंकी लावून बोटाने चोळलं तेव्हा मातीतून एक नाक वर आलं, मग ओठ, आणि कुणीतरी आपल्याकडे बघायचं टाळून दुसरीकडे बघत आहे असं त्यांना वाटलं होतं. तो केवढा आराम होता! नाण्यावरची माणसं कधी समोर बघत नाहीत. त्यांच्याकडे कितीही वेळ टक लावून बघा, ती उलट बघत नाहीत. मार्फ्लीटांना एकदम थंडी वाजली. मग त्यांच्या लक्षात आलं की टोपी हातातच आहे.

घरी त्यांची थोरली बहीण लेटिशिया जेवणाच्या टेबलावर ओणवी झाली होती. टेबलभर कागद पसरला होता आणि त्यावर गाडीच्या चाकाएवढा करॉशियस. गुरुवारी मागच्या रांगेतल्या लोकांनाही दिसावा म्हणून ती कपाटातल्या नाण्यावरून तो शाईने मोठा करून काढत होती. लेटिशियाचा हात चांगला होता. तिचं लग्न झालं नव्हतं, त्यांचंही झालं नव्हतं, आणि घरात तिसरं कोणी असेल तर ते कपाटातलं. तिने नाकापासून कडेपर्यंतची रेघ नुकतीच ओढली होती आणि ती वाळावी म्हणून फुंकर घालत होती. मार्फ्लीट त्या रेघेकडे बघत उभे राहिले. तिने विचारलं, ब्रम्बीच्या बायकोचं आता कसं होणार. मुलं किती आहेत त्यांना? मार्फ्लीटांना माहीत नव्हतं. तिने चहा ओतला, मनुके घातलेल्या पावाचा काप लोणी लावून पुढे ठेवला. ते खायचे विसरले.

"तू माणसाच्या तोंडाकडे कधी बघतोस का रे, अँब्रोज?" ती म्हणाली. रागाने नाही, नेहमीच्या चेष्टेतच म्हणाली. "मी उद्या दाढीमिशा लावून बसले तरी तुला कळायचं नाही. लोणी नको असेल तर नको म्हण, नुसता त्याचा तुकडा मोडत बसू नकोस."

ते हसले. नाण्याबद्दल तिला सांगावं असं दोनदा ओठांवर आलं. पण सांगायचं काय? मागची बाजू तर पाहिलीच नव्हती. तिथे लंडनची खूण नसेल, दुसरीच काही असेल, तर वीस वर्षांचं हसं एका क्षणात त्या लंडनवाल्यांच्या घशात परत. आणि लंडनची असेल तर? एकच ठसा दोन शहरांत असत नाही. जाबेझचं नाणं लंडनचं असेल तर कपाटातलंही लंडनचं, आणि छापलेलं पुस्तक चुलीत घालायच्या लायकीचं. न बघितलं तर? न बघितलं तर झाकली मूठ सव्वा लाखाची. ते उठले, खिडकीशी गेले, परत बसले, परत उठले. लेटिशिया म्हणाली की घरात घुशी लागल्यासारखं काय चाललं आहे.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ते पुन्हा खाली गेले. अंत्यविधीची वेळ ठरवायची आहे, हे कारण. वेळ ठरलेलीच होती. केझाया एकटीच होती. तिने त्यांना खुर्ची दिली आणि साहेब आलेच आहेत तर तेवढ्यात शेजारून उद्यासाठी बाकं मागून आणते, तेवढं जाबेझजवळ बसाल का, त्याला एकटं टाकवत नाही, असं म्हणून ती गेली. नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत ती गल्लीत पोहोचली होती. मार्फ्लीट बसले. बाहेर कारखान्याचा भोंगा झाला, बुटांचा लोंढा खिडकीवरून गेला आणि संपला. त्यांनी मनाशी ठरवलं की बघायचं नाही. मेलेल्याची विटंबना होईल असं काही करायचं नाही. हे ठरवत असतानाच ते उठलेही होते. अंगठा आणि पहिलं बोट कडेवर, पृष्ठभागाला स्पर्श न करता, जसं कपाटातलं उचलायचे तसंच त्यांनी ते उचललं. नाणं गार होतं. आणि ते उचलताच पापणी सावकाश वर गेली.

डोळा हिरवट करडा होता. नदीचं पाणी हिवाळ्यात दिसतं तसा. त्यात रोष नव्हता, काही विचारणंही नव्हतं. फक्त तो समोर बघत होता, थेट, आणि मार्फ्लीटांना वाटलं की आपल्याकडे असं कुणी कधी बघितलंच नाही, किंवा बघितलं असेल तर आपण तेव्हा दुसरीकडे बघत होतो. खरं तर त्या क्षणी नाणं परत ठेवायचं होतं. पण बोटांना वीस वर्षांची सवय. नाणं त्यांच्या हातात आपसूक उलटलं आणि खिडकीच्या उजेडाकडे वळलं. मागच्या बाजूला हातात तराजू घेतलेली देवी होती, आणि तिच्या पायाखाली, अगदी स्वच्छ, काल पाडल्यासारखी, लंडनच्या टांकसाळीची खूण. त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग खिशातून भिंग काढलं, आणि मेलेल्या माणसाच्या उघड्या डोळ्यासमोर भिंगातून ती तिसऱ्यांदा वाचली. या गोष्टीची लाज त्यांना नंतर वाटली, रस्त्याने जाताना, आणि ती एवढी होती की ते एका भिंतीला हात टेकून उभे राहिले. तेव्हा मात्र त्यांना काहीच वाटलं नाही. छातीत फक्त एक मोठी रिकामी जागा झाली. त्यांनी पापणी बोटाने खाली ओढली, वर नाणं ठेवलं, सम्राटाचं डोकं अगदी सरळ, खणात ठेवतात तसं. मग आठवलं की आधी ते तिरकं होतं. त्यांनी ते पुन्हा तिरकं केलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. केझाया बाक घेऊन आली तेव्हा ते खुर्चीवर पुस्तक उघडून बसले होते आणि तिने डोळ्यांत पाणी आणून त्यांचे आभार मानले.

बुधवारी सकाळपर्यंत त्यांनी काय काय ठरवलं आणि काय काय मोडलं याला गणती नाही. गुरुवारी उभं राहून सरळ सांगावं: मित्रहो, मी चुकलो. तीन शब्द. पण पुरावा? पुरावा दाखवल्याशिवाय कोण मानेल? म्हणजे नाणं मागून घ्यायला हवं. विधवेच्या दारात, प्रेत घरात असताना, जे नाणं त्या माणसाने आपल्यापासून दडवून ठेवलं तेच मागायचं? हा धर्म झाला का? नाही, नाणं मेलेल्याचं, त्याच्यापाशीच राहावं, हाच धर्म. इतका सोपा आणि इतका सोयीचा धर्म त्यांना आयुष्यात कधी भेटला नव्हता, आणि म्हणूनच त्याच्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. पुरावा नसला तरी खरं सांगता येतंच की. खरं सांगायला नाण्याची गरज नसते. हे त्यांना कळत होतं. हेही कळत होतं की आपण ते सांगणार नाही, आणि सांगणार नाही हे कळत असूनही आपण ते अजून ठरवायचं आहे असं स्वतःला भासवतो आहोत. त्यांना स्वतःची किळस आली. थोडा वेळ टिकली, मग भूक लागली.

बुधवारी खोलीत पेटी आली. सुतार झाकण भिंतीला लावून, ओठांत खिळे धरून उभा. देवळाचा कारभार बघणारे मिस्टर स्लाइट हातात टोपी घेऊन दाराशी. जाबेझला पेटीत ठेवल्यावर मिसेस टपहोम यांनी आपली पेनी उचलली, एप्रनला पुसली आणि खिशात टाकली. डोळे आता आपापले मिटलेले राहिले. दुसरं नाणं केझायाने उचललं आणि ती ते घेऊन सगळ्यांच्या देखत मार्फ्लीटांसमोर आली. हात पुढे केला. तोच तळहात वाटला त्यांना, फक्त लहान.

"हे तुम्ही घ्या, पाद्रीसाहेब," ती म्हणाली. "तुमचंच होतं ते. तुमच्यापासून दडवलं म्हणून शेवटी शेवटी त्याचा जीव खात होतं. ताप चढला की म्हणायचा, साहेबांना देऊन टाक. मग ताप उतरला की म्हणायचा, राहू दे अजून दोन दिवस."

"त्याला ते ठेवावंसं का वाटलं?" मार्फ्लीटांनी विचारलं. खरोखरच त्यांना ते जाणून घ्यायचं होतं.

"आवडायचं हो त्याला. रात्री जेवल्यावर घेऊन बसायचा. त्याचं म्हणणं, आपण जन्मभर या टेकडीखालची माती उपसली, तर तिच्यातलं एक तरी आपल्यापाशी असावं. आमच्या इथलाच राजा आहे म्हणायचा. इथंच घडवलेलं आहे म्हणायचा. तसंच आहे ना, साहेब?"

सुताराने खिळे एका गालातून दुसऱ्या गालात घेतले. मार्फ्लीटांनी तिच्याकडे पाहिलं. मग जे घडलं त्याची त्यांना स्वतःलाही कल्पना नव्हती. त्यांच्या तोंडून खरं बाहेर पडलं.

"नाही," ते म्हणाले. "हे लंडनचं आहे. लंडनमध्ये पाडलेलं. इथे फक्त कुणाच्या तरी हातून पडलं."

हे खरं ते मोठ्याने बोलले होते. आयुष्यात पहिल्यांदाच. वीस वर्षांचं ओझं खाली ठेवल्यासारखं हलकं वाटलं त्यांना, आणि त्याच वेळी त्यांनी पाहिलं की केझायाचा चेहरा पडला. कुणी दिवा बारीक करावा तसा. लंडनचं होय, असं ती पुटपुटली. एवढे दिवस तो उगाचच... तिने वाक्य पुरं केलं नाही. खोलीत कुणालाच मार्फ्लीटांच्या त्या वाक्याचं मोल ठाऊक नव्हतं. स्लाइट खिडकीतून पाऊस येतो का ते बघत होते. मग ती पुन्हा म्हणाली, तरी घ्या साहेब, तुमच्या कामाचं आहे. हात अजून पुढेच होता. घेतलं असतं तर गुरुवारी ते खिशात राहिलं असतं. नंतर कपाटात, वरून तिसऱ्या खणात, त्याच्या जुळ्या भावाशेजारी. रोज.

"नको," मार्फ्लीट म्हणाले. "त्याचं त्याच्यापाशी राहू दे."

केझायाने ओठ चावले. तिने वाकून नाणं नवऱ्याच्या मुठीत ठेवलं, बोटं वळवली. सुतार पुढे झाला. प्रत्येक ठोक्याला मार्फ्लीटांना बरं वाटत गेलं, आणि आपल्याला बरं वाटतं आहे हे त्यांना दिसत होतं. मिस्टर स्लाइट टोपीने डोळे पुसत होते.

स्लाइटांच्या तोंडी ही गोष्ट पडली म्हणजे चढ काय, टेकडी काय. संध्याकाळपर्यंत ती कॅथीड्रलच्या दारात पोहोचली. ज्याने नाण्यांपायी घर केलं नाही, संसार केला नाही, त्या माणसाने हातावर आलेलं नाणं मेलेल्या मजुराच्या मुठीत राहू दिलं. लेटिशियाला ते भाजीवालीकडून कळलं. ती घरी येऊन त्यांच्या खुर्चीजवळ उभी राहिली आणि तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. असं तिने लहानपणानंतर केलं नव्हतं.

"मी तुला जन्मभर हावरट समजत आले रे," ती म्हणाली. "देवा, मला क्षमा कर."

तिचा हात डोक्यावरून निघेपर्यंत मार्फ्लीट हलले नाहीत. तो हात उबदार होता, आणि तो तसाच राहावा असं त्यांना फार वाटलं. आणि खरं सांगितलं तर तो निघेल हेही वाटलं.

गुरुवारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत लंडनचे विद्वान, हातांत काठ्या, चेहऱ्यांवर आधीच तयार ठेवलेलं हसू. भिंतीवर लेटिशियाचा करॉशियस, नाकापासून कडेपर्यंत काळीभोर रेघ. कॅथीड्रलचे प्रमुख डीनसाहेब प्रास्ताविकाला उठले आणि त्यांनी ती गोष्ट सांगितलीच. आवाज चढवून, मध्ये थांबत, छान सांगितली. विद्वत्ता पुष्कळांकडे असते, ते म्हणाले, पण जी विद्वत्ता मुठीतलं नाणं सोडू शकते तिचं म्हणणं आपण जरा अधिक आदराने ऐकलं पाहिजे. टाळ्या झाल्या. लंडनवाल्यांनीही वाजवल्या. ते हसू त्यांच्या तोंडावरून गेलं होतं. पंधरा वर्षं मार्फ्लीट याच घटकेची वाट बघत होते, आणि ती आली तेव्हा ते मांडीवरच्या कागदांच्या कडा जुळवत होते.

ते उठले. कागद पुढे ठेवले. तीन शब्द, त्यांना आठवलं. अजून वेळ आहे. त्यांनी समोर पाहिलं, कागदाकडे नाही, माणसांकडे, एकेका तोंडाकडे; आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ, त्यांना केझायाचं काळं टोपडं दिसलं. लेटिशियाने तिला बोलावून आणलं असणार. केझाया मिसेस टपहोमशेजारी अवघडून बसली होती आणि तिची नजर भिंतीवर होती. तिने तो चेहरा ओळखला होता. ती रेघ ओळखली होती. तिने मिसेस टपहोमना कोपराने ढोसलं आणि भिंतीकडे बोट केलं. ज्या बाईला आपण तोंडावर खरं सांगितलं, ती या सभागृहात येऊन बसली आहे. ती उठेल. ती विचारेल. आणि क्षणभर, त्यांच्या सगळ्या जिवानिशी, तिने उठून विचारावं असंच त्यांना वाटलं.

"सभ्य स्त्रीपुरुषहो," त्यांनी पहिलं वाक्य वाचलं, "आपल्यासमोर असलेलं हे नाणं इथे, आपल्या शहरात, या टेकडीच्या पायथ्याशी पाडलं गेलं."

केझायाने झटकन त्यांच्याकडे पाहिलं. थेट. तिचं तोंड थोडं उघडं राहिलं. मग हळूहळू, आधी डोळ्यांत, मग गालांवर, मग सगळ्या चेहऱ्यावर आनंद पसरला. साहेबांनी घरी जाऊन पुस्तकात पुन्हा नीट बघितलं असणार. काल त्या गडबडीत चुकले असतील, माणूसच ते. जाबेझ म्हणत होता तेच खरं निघालं. तिने डोळे पुसले, त्यांच्याकडे बघून मान हलवली, एकदा, पुन्हा एकदा, हो साहेब, सांगा साहेब, अशी, आणि हात मांडीवर ठेवून ती ऐकायला बसली. मार्फ्लीटांनी पान उलटलं आणि पुढे वाचू लागले.